भात्याचा कॅमेरा आणि वहिनीचा हिशेब

माझी वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा तिला अंधाराची भीती वाटायची. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगते, म्हणून मी लिहायला हरकत नाही. माहेरी ती दिवा चालू ठेवून झोपायची. आणि नशीब असं की तिची गाठ पडली माझ्या दादाशी, ज्याचं निम्मं आयुष्य दार लावून घेतलेल्या काळोख्या खोलीत जायचं.

दादाचा फोटो स्टुडिओ आमच्या घराला लागूनच होता. पुढे काउंटर, त्यामागे फोटो काढायची उंच छताची खोली, आणि तिच्यामागे, स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटून, डार्करूम. त्यामुळे आमच्या घरात फोडणीच्या वासात फोटो धुण्याच्या औषधाचा वास कायम मिसळलेला असायचा. पाहुणे नाक मुरडायचे. आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नसे.

दादाचा जीव होता तो भात्याच्या कॅमेऱ्यावर. लाकडी पेटी, पुढे भिंग, मध्ये कातड्याचा घडीघडीचा भाता आणि मागे दुधी काच. त्या काचेवर समोरचं चित्र उलटं पडतं, डोकं खाली आणि पाय वर. दादा काळं कापड डोक्यावर घेऊन त्या उलट्या जगात शिरला की त्याला हाका मारून उपयोग नसायचा. त्या कॅमेऱ्याला तळहाताहून मोठी फिल्म लागते, आणि ती एका वेळी एकच घालता येते. पण तिच्यावरून केवढाही मोठा फोटो करा, पापणीचा केस न्‌ केस दिसतो. "बाकीचे कॅमेरे फोटो काढतात, हा फोटो घडवतो," असं दादा गिऱ्हाइकांना ऐकवायचा. गिऱ्हाईक शांतपणे ऐकून घ्यायचं आणि पासपोर्ट साइजच्या चार कॉप्या मागायचं.

वहिनी डार्करूममध्ये पहिल्यांदा गेली ती नाइलाजाने. लग्नाला महिनाही झाला नसेल. एका कारखान्याच्या सगळ्या कामगारांचा मोठा फोटो द्यायचा होता आणि दादा तापाने फणफणला होता. तो दाराबाहेर खुर्ची टाकून, पांघरूण गुंडाळून बसला आणि वहिनी आत गेली. "आता डावीकडचा ट्रे. हलवत राहा. हळू. कपडे धुत नाहीयेस." असं बाहेरून चाललेलं. ती बाहेर आली तेव्हा घामाने भिजली होती. मी विचारलं, "भीती वाटली का?"

"आत भीती वाटायला वेळ कुठे मिळतो?" ती म्हणाली.

त्या दिवसापासून डार्करूम तिची झाली. मोठा फोटो कागदावर उतरवताना ती प्रकाशाच्या झोतात हात धरायची. कपाळावर जरा जास्त सावली, हनुवटीखाली जरा कमी, असं बोटांनी उजेडाला थोपवत, वाट देत ती काम करायची. गिऱ्हाईक फोटो हातात घेऊन म्हणायचं, "यात मी बरा दिसतोय." त्यातला 'बरा' वहिनीच्या बोटांचा असायचा.

अशी बरीच वर्षं गेली, आणि मग त्या बोटांनीच दगा दिला. आधी नुसती खाज यायची. ती साबणावर ढकलून मोकळी झाली. मग कातडी लाल झाली, मग भेगा पडल्या, आणि एके दिवशी धुतलेल्या फोटोच्या कडेला रक्ताचा ठिपका निघाला. हातमोजे घालून बघितले. "मोजे घातले की कागद कळत नाही," म्हणून तिने ते खुंटीला टांगून ठेवले. शेवटी मीच तिला ओढत त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी हात उलटसुलट करून बघितले. "मलम मी लिहून देते," त्या म्हणाल्या. "पण रोज त्याच पाण्यात हात बुडवणार असाल, तर माझं मलम म्हणजे फुटक्या बादलीत पाणी भरणं आहे."

घरी आल्यावर मी ते दादाला सांगितलं. त्या दिवसापासून जेवणं झाल्यावर तो तिचे हात मांडीवर घेऊन मलम लावू लागला. माझा दादा तोंडाचा फटकळ, पण मनाने तसा नाही.

त्याच सुमाराला आमच्याकडे एक विक्रेता येऊन गेला. पासपोर्टच्या फोटोंसाठी छोटा डिजिटल कॅमेरा दादाने आधीच घेतला होता, सगळ्यांनीच घेतला होता. पण हा माणूस वेगळीच वस्तू घेऊन आला. जेवणाच्या डब्याएवढा एक डबा, जो भात्याच्या कॅमेऱ्याच्या पाठीला, फिल्मच्या जागी बसतो. ना फिल्म, ना औषध, ना अंधार. त्याने दादाचा एक फोटो काढून पडद्यावर मोठा करून दाखवला. सदऱ्याच्या कापडाची वीण दिसत होती. दादा बराच वेळ स्वतःच्या कॉलरकडे बघत राहिला. मग त्याने किंमत विचारली. विक्रेत्याने ती अशा हळू आवाजात सांगितली, जसा डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन काहीतरी सांगतो.

"एवढ्यात मी घर बांधीन आणि वर गच्ची टाकीन," दादा म्हणाला, आणि त्याने विक्रेत्याला चहा देऊन वाटेला लावलं.

प्रश्न तिथेच संपला असता. पण मग नाट्यगृहाचं काम आलं.

आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक जुनं नाट्यगृह आहे. तिथल्या पडद्यांवर आमच्या दोन पिढ्या वाढल्या. राजवाडा, जंगल, बाजारपेठ, तुरुंग, समुद्र असे हाताने रंगवलेले भलेमोठे पडदे, आणि सगळ्यात पुढे दर्शनी पडदा, ज्यावर दोन मोर आणि मधोमध कारंजं. रंगवणारे कधीच वारले. छत गळायला लागलं आणि पडदे कुजायला लागले. गुंडाळले की फाटायचे, उलगडले की रंगाचे पोपडे पडायचे. नाट्यगृहाच्या मॅनेजरांनी ठरवलं होतं, की प्रत्येक पडद्याचा फोटो काढायचा, तो मूळ आकारात कापडावर छापून घ्यायचा, नाटकाला तो वापरायचा आणि मूळ पडदे कोरड्या खोलीत सुखाने विश्रांती घेऊ द्यायचे. बाहेरगावच्या एका मोठ्या कंपनीने सांगितलेला आकडा ऐकून त्यांना छताची दुरुस्ती करावी की पडद्यांची, असा पेच पडला होता. म्हणून ते दादाकडे आले. मान वर करून त्यांनी आमच्या स्टुडिओत लावलेला कारखान्याच्या कामगारांचा तो फोटो पाहिला आणि म्हणाले, "असं स्पष्ट हवंय. फक्त रंगीत आणि तीस फूट."

दादाला आनंद झाला, पण हिशेब तर करायला हवा. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर आम्ही बसलो. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून बेरजेचं काम माझ्याकडे.

आधी फिल्मची बाजू. मोठी रंगीत फिल्म परदेशातून मागवायची. एक पडदा एका फोटोत मावत नाही, तेव्हा तुकड्यातुकड्याने काढायचा. प्रत्येक तुकड्याची एक जास्तीची फिल्म हवी, कारण एखादी बिघडणारच. रंगीत फिल्म घरी धुता येत नाही. तिला औषधाचं तापमान अर्धा अंशही इकडेतिकडे झालेलं चालत नाही, म्हणून ती लांबच्या लॅबला पाठवायची, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. आणि एवढं करून कापडावर छापणाऱ्याला फिल्म नकोच होती, त्याला संगणकावरची फाइल हवी होती. म्हणजे प्रत्येक फिल्म पुन्हा मोठ्या यंत्रावर घालून वाचून घ्यायची. तो खर्च सगळ्यांचा बाप निघाला.

मग डिजिटलची बाजू. तो डबा विकत घेणं शक्य नव्हतं. भाड्याने घ्यायचा तर अनामत रक्कम स्टुडिओच्या किमतीएवढी, शिवाय डब्याबरोबर येणाऱ्या माणसाचं राहणं-खाणं, आणि एवढ्या मोठ्या फाइली पेलणारा संगणक. "भाड्याने घेतलं तर हातात काही उरत नाही," दादा म्हणाला, "आणि विकत घेतलं तर आपणच उरत नाही."

मी बेरीज केली. फिल्म थोड्या फरकाने स्वस्त पडत होती. दादाने टेबलावर थाप मारली.

"हे सगळं ठीक आहे," वहिनी म्हणाली. "माझे हात कुठल्या बाजूला धरलेत?"

"अगं, रंगीत फिल्म बाहेर धुवायची आहे. तुझ्या हातांचा संबंध कुठे येतो?"

"उजेड बरोबर पडलाय की नाही याचे काळेपांढरे नमुने आधी कोण धुणार? शंभर तरी काढाल तुम्ही. मी ओळखत नाही का तुम्हाला? आणि हे काम संपलं, की त्या जोरावर डार्करूम आणखी दहा वर्षं चालवाल. ती कोण चालवणार?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं. गणितात एखादी संख्या घ्यायचीच राहून गेली की सगळी बेरीज चुकते, हे मी मुलांना रोज सांगते. ती संख्या माझ्यासमोर बसली होती आणि तिच्या बोटांना पट्ट्या होत्या.

"मग काम सोडायचं का?" दादाने विचारलं. आवाज पार खाली आला होता.

"तसं मी कुठे म्हटलं? मॅनेजरना सांगा, पंधरवड्याने कळवतो."

पंधरवड्यात काय होणार होतं ते तिलाही माहीत नव्हतं. हे तिने मला नंतर सांगितलं.

चार-पाच दिवसांनी ती दुरुस्तीला दिलेला मिक्सर आणायला समोरच्या गल्लीत गेली. त्या दुकानदाराला सगळे रेडिओवाला म्हणतात, जरी त्याच्याकडे आता कोणी रेडिओ आणत नाही. त्याच्या टेबलावर एक स्कॅनर उघडून ठेवलेला होता. कार्यालयांत कागदाची प्रत संगणकात घ्यायला असतो तसला, चपटा. वरची काच काढली होती आणि आतली एक बारीक दांडी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती.

"हे काय करतंय?" वहिनीने विचारलं.

"कागद वाचतंय. एकेक रेघ. संथ आहे, पण एक रेघ सोडत नाही."

वहिनी बघत राहिली. मिक्सरचे पैसे द्यायचे विसरली. मग म्हणाली, "भाऊ, कागदाऐवजी याच्यावर चित्र पाडलं तर?"

"कसलं चित्र?"

"भिंगातून आलेलं. आमच्या कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर पडतं तसं."

रेडिओवाल्याने हातातली सोल्डरिंगची सळई खाली ठेवली. "याला स्वतःची बारीक भिंगं आहेत, ती काढावी लागतील. आतला दिवाही काढावा लागेल."

"मग काढा."

"वहिनी, मोडेल की."

"हा मोडलेलाच आहे ना?"

"हा चांगला आहे. गिऱ्हाइकाचा आहे." मग त्याने मान वळवून दुकानाच्या मागे पाहिलं. "पण मोडके माझ्याकडे पोतंभर आहेत."

पुढे आम्हाला कळलं की जगात इतर ठिकाणीही हौशी लोकांनी असले उद्योग केले आहेत. पण त्या दिवशी त्या दोघांना ते माहीत नव्हतं, आणि मला वाटतं तेच बरं झालं.

दुसऱ्या दिवसापासून स्टुडिओच्या कोपऱ्यात दोघांचं काम सुरू झालं. पहिला स्कॅनर उघडतानाच गेला. दुसरा दिवा काढल्याबरोबर रुसून बसला. आपला दिवा लागला नाही हे त्याला कळायचं आणि तो जागचा हलायचाच नाही. रेडिओवाल्याने त्याला दिवा आहे असं भासवण्याची काहीतरी युक्ती केली, ती मला आजही कळलेली नाही. तिसऱ्याला दिसायला लागलं, पण नुसतं धुकं. कुठूनतरी उजेड शिरत होता. वहिनीने काळ्या कापडाने आणि चिकटपट्टीने सगळ्या फटी बुजवल्या. उजेड कुठून गळतो हे शोधण्यात तिचा हात कोण धरणार?

दादा काउंटरवरून बघायचा आणि शेरे मारायचा. "चालू द्या. घड्याळ उघडून इस्त्री बनवा."

मग एका दुपारी स्टुडिओतल्या संगणकाच्या पडद्यावर समोरच्या घराची खिडकी उमटली. जाळीचा प्रत्येक गज, त्यावरचा गंज, आत वाळत घातलेल्या टॉवेलच्या दशांचे धागेसुद्धा. चित्रावर पायजम्यासारख्या उभ्या रेघा होत्या, पण चित्र होतं. रेडिओवाला उभा राहिला. वहिनीने दादाला हाक मारली.

दादा काउंटर सोडून आला. चष्मा कपाळावर चढवून त्याने पडद्याला नाक लावलं. "डावी बाजू फोकसमध्ये नाही," तो म्हणाला. "हे तुमचं यंत्र दुधी काचेच्या पातळीत बसलेलं नाही. कोणी बसवलंय?"

"मी," रेडिओवाला म्हणाला.

"दिसतंच आहे."

असं म्हणून दादा मागच्या खोलीत गेला आणि रंधा घेऊन आला. एका मोडक्या खुर्चीच्या पाठीचं लाकूड घेऊन त्याने दोन दिवस तासलं, घासलं, मापलं, पुन्हा घासलं. अशी चौकट केली की स्कॅनर कॅमेऱ्याच्या पाठीत खणात कप्पा सरकावा तसा सरकून बसला. त्यानंतर तो 'तुमचं यंत्र' म्हणायचा बंद झाला आणि 'आपलं' म्हणायला लागला. आम्ही कोणी ते त्याच्या लक्षात आणून दिलं नाही.

पहिला माणसाचा फोटो त्याचाच काढायचं ठरलं. दांडी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला काही मिनिटं घेते, तोवर हलायचं नाही. दादा पुतळ्यासारखा बसला, आणि दांडी बरोबर नाकापाशी आली तेव्हा शिंकला. फोटोत त्याच्या नाकाचा जिना झाला होता. हसून हसून आमच्या डोळ्यांतून पाणी आलं. वहिनीने तो फोटो फ्रेम करून काउंटरमागे लावला.

"जिवंत माणूस याला झेपत नाही," रेडिओवाला हिरमुसून म्हणाला.

"आपल्याला जिवंत काही नकोच आहे," वहिनी म्हणाली. "पडदे हवेत. ते शिंकत नाहीत."

रेघांचा प्रश्न मी सोडवला, हे मी जरा मोठ्याने सांगते, कारण घरात माझ्या गणिताचा उपयोग झाल्याचा हा एकमेव प्रसंग. स्कॅनरच्या दांडीतले उजेड टिपणारे काही कण जास्त तीव्र होते, काही मंद, म्हणून रेघा. मी म्हटलं, "आधी नुसत्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. जिथे रेघ येईल तिथे चूक किती, ते कळेल. मग प्रत्येक फोटोला त्या भिंतीच्या फोटोने भागा." वहिनीने संगणकावर ते करून बघितलं. रेघा पुसल्या गेल्या. वहिनी रागावली की मला 'वन्सं' म्हणते, एरवी 'छोटे'. त्या दिवशी ती मला 'बाई' म्हणाली, जसं शाळेतली मुलं म्हणतात.

रंगाचा प्रश्न तिचा तिनेच सोडवला. दिवा काढलेला स्कॅनर रंग ओळखत नव्हता, सगळं करडं. तिच्याकडे डार्करूमच्या दिवसांतल्या रंगीत काचांची पेटी होती. आभाळ गडद करायचं किंवा कातडी उजळ दाखवायची तर भिंगापुढे तसली काच लावतात. तिने एकच दृश्य तीनदा काढलं, लाल काचेतून, हिरव्या काचेतून आणि निळ्या काचेतून, आणि संगणकात तिन्ही एकमेकांवर ठेवली. काउंटरवरची लाल वही लाल दिसली, पाण्याची निळी बाटली निळी दिसली. फक्त दादाची काळी छत्री तांबूस दिसत होती. डोळ्याला न दिसणारा उष्णतेचा प्रकाश त्या यंत्राला दिसत होता, तो अडवायला एक खास काच बाहेरून मागवावी लागली. या सगळ्या खटाटोपात विकत आणलेली मोठी वस्तू ती एकच. बाकी पोत्यातला मोडका स्कॅनर, मोडकी खुर्ची, घरचं भिंग आणि रेडिओवाल्याचा चहा. मी पुन्हा बेरीज केली. फिल्मच्या बाजूला जो आकडा आला होता, त्यातल्या नुसत्या टपालखर्चातसुद्धा हे बसत होतं.

वहिनी मॅनेजरांकडे गेली तेव्हा तिने काही लपवलं नाही. "हे यंत्र आम्ही घरी बनवलंय," ती म्हणाली. "आधी एक पडदा करून दाखवते. पसंत पडला तर बाकीचे."

मॅनेजरांनी तुरुंगाचा पडदा दिला. तो सगळ्यात लहान, आणि बिघडला तर तुरुंगाचं कोणाला दुःख नाही. आठवड्याने तिने त्यांच्यासमोर एका दगडी भिंतीचा तुकडा मूळ आकारात छापून उलगडला. मॅनेजर खाली वाकले आणि भिंतीवरच्या एका पुसट डागाला बोट लावून म्हणाले, "हा डाग मी लहानपणी सांडलेल्या चहाचा आहे. माझे वडील इथे पडदे ओढायचे." एवढं बोलून त्यांनी बाकीच्या पडद्यांच्या दोऱ्या सोडायला सांगितल्या.

नाट्यगृहातलं काम सोपं नव्हतं. रंगमंचावर धूळ, वर दोरखंड आणि कप्प्या, दोन्ही बाजूंना दिवे. पडद्यावर उजेड सगळीकडे सारखा पडावा म्हणून दादा उजेड मोजायचं मीटर घेऊन शिडीवर चढायचा आणि आकडे ओरडायचा. समुद्राचा पडदा पहिल्यांदा काढला तेव्हा लाटा जरा जास्तच खऱ्या आल्या. मेकअपच्या खोलीचं दार उघडं राहिलं होतं आणि वाऱ्याने कापड डुलत होतं. मग पंखे बंद, दारं बंद, पडद्याच्या खालच्या काठीला वाळूच्या पिशव्या, आणि वहिनीची आज्ञा, की दांडी फिरत असताना कोणी चालायचं नाही. मॅनेजरसुद्धा दाराला पाठ लावून उभे असायचे.

शेवटी उरला मोरांचा दर्शनी पडदा. तो इतका जीर्ण झाला होता की मॅनेजर म्हणाले, "हा एकदाच उघडेल. पुन्हा उघडला तर हातात चिंध्या येतील." तो सोडताना सोनेरी रंगाचा भुगा खाली पडला. वहिनीने डावीकडून सुरुवात केली. तुकडा, तीन काचा. पुढचा तुकडा, तीन काचा. कारंज्याच्या तुकड्याची लाल झाली, हिरवी झाली, निळी लावली आणि दांडी निम्म्यावर असताना वीज गेली. नाट्यगृहाला खिडक्या नसतात. भर दुपारी आत मिट्ट काळोख झाला.

"कोणी कॅमेऱ्याजवळ यायचं नाही," वहिनीचा आवाज आला. तो इतका शांत होता की सगळे जागच्या जागी थांबले. कॅमेरा केसभर हलला असता तरी आधीच्या दोन काचांची चित्रं वाया गेली असती. ती कॅमेऱ्याच्या शेजारी उभी राहिली. आम्ही अंधारात बसलो. मधूनमधून वरून पोपडे पडल्याचा बारीक आवाज यायचा. रेडिओवाला पुटपुटला, "वहिनी, पडदा तग धरेल ना?"

"धरेल. इतकी वर्षं धरलाय, आपल्यासाठी घटकाभर आणखी धरेल."

वीज आली. दादा लगेच म्हणाला, "चालू कर."

"नाही. दिवे गार झालेत. त्यांना आधी होते तेवढे तापू द्या, नाहीतर निळा फिका येईल." तिने वाट पाहिली, दादाने मीटरवर उजेड मोजला, पुन्हा मोजला, आणि मग मान हलवली. तिने निळी काच पुन्हा पहिल्यापासून चालवली.

संगणकावर तिन्ही चित्रं एकमेकांवर सरकवली तेव्हा मी तिच्या खांद्यामागे उभी होते. कारंज्याचा थेंब न्‌ थेंब एकमेकांवर बसला. कुठे लाल कड नाही, निळी सावली नाही. वहिनीने खुर्चीवर मागे रेलून डोळे मिटले. दादा बाहेर गेला आणि बऱ्याच वेळाने परत आला. त्याने तोंड धुतलेलं दिसत होतं.

नाट्यगृह पुन्हा उघडलं त्या संध्याकाळी बसायला जागा नव्हती. लोक बाजूच्या भिंतीला टेकून उभे होते. दिवे मंद झाले आणि दर्शनी पडद्यावर उजेड पडला. दोन मोर, मधे कारंजं, सोनेरी किनार, सगळं जसंच्या तसं. क्षणभर कुजबूज झाली. पुढच्या रांगेत एक म्हाताऱ्या नटी बसल्या होत्या, ज्यांनी याच पडद्यामागे आयुष्य काढलं होतं. त्या उठल्या, हळूहळू पायऱ्या चढून रंगमंचावर गेल्या आणि पडद्याला हात लावला. मग प्रेक्षकांकडे वळून म्हणाल्या, "नवा आहे. मला कळलंच नव्हतं."

टाळ्यांना सुरुवात झाली ती थांबेचना. नाटक सुरू व्हायच्या आधीच पडद्याला टाळ्या, असं तिथे कोणी पाहिलं नव्हतं. मॅनेजरांनी वहिनीला वर बोलावलं. तिने एका हाताने रेडिओवाल्याला धरलं आणि दुसऱ्याने दादाला, आणि दोघांना घेऊनच वर गेली. तिच्यापुढे माइक आला.

"हे रंगवणाऱ्यांची नावं मला माहीत नाहीत," ती म्हणाली. "माहीत असती तर मी तीच आधी घेतली असती. आम्ही तिघांनी आणि माझ्या नणंदेने एवढंच केलं, की त्यांचं काम वाया जाऊ दिलं नाही. आता नाटक बघा, नट खोळंबलेत."

मी टाळ्या वाजवत होते आणि माझ्या शेजारचा अनोळखी माणूस मला विचारत होता, "त्या तुमच्या कोण?" मी त्याला सांगितलं. दोनदा सांगितलं.

त्यानंतर काम येत गेलं. कोणाचे गालिचे, कोणाची भिंतचित्रं, एका जुन्या शाळेचा फळ्याएवढा नकाशा. वहिनीचे हात भरून यायला वर्ष लागलं, पण आले. डॉक्टरीणबाईंनी ते बघून स्वतःच्या मलमाचं कौतुक केलं आणि वहिनीने त्यांना करू दिलं. डार्करूम आम्ही मोडली नाही. माणसांचे मोठे फोटो दादा अजूनही फिल्मवर काढतो, कारण माणसं शिंकतात. ते तो स्वतः धुतो, कोपरापर्यंत मोजे चढवून आणि चिमट्याने, आणि गिऱ्हाइकाकडून त्याचे वेगळे पैसे घेतो. शाळेत मला कोणी विचारलं की शेवटी फिल्म स्वस्त की डिजिटल, तर मी वहिनीचं उत्तर देते. "काय काढायचंय ते आधी सांगा. आणि कोणाचे हात लागणार आहेत, तेही."

परवा मी स्टुडिओत बसले होते, तेव्हा परगावाहून एक गृहस्थ आले. कुठल्याशा न्यायालयाच्या जुन्या इमारतीत छतावर चित्रं आहेत म्हणे, उभं राहून बघितलं तर मान मोडते अशी. त्यांनी काउंटरवरून आत डोकावून विचारलं, "पडदेवाल्या बाई इथेच असतात का?"

"इथेच," दादा म्हणाला. "बसा. मी त्यांचा मदतनीस. छत किती उंच आहे ते आधी मला सांगा, शिडी मलाच चढायची आहे."